वांद्र्याची गिर्यारोहण परंपरा

वांद्र्याच्या गिर्यारोहकांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. शेजारच्या सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. तेव्हापासून येथील रहिवासी सावध आहेत. डिसेंबर उजाडताच लिंकिंग रोडवर हिमशिखरांची चित्रे असलेली जाडजूड जॅकेटे टांगली जातात आणि घाम पुसत पुसत ती अंगाला लावून पाहिली जातात.

या वस्त्रांचे कुळही थोर. अमेरिकेतील इव्हॉन शुइनार्ड १९५७ साली लोहारकी शिकले आणि कड्यात ठोकायच्या मेखा घडवू लागले. मेखांनी कातळ खराब होतो हे दिसताच १९७२ साली त्यांनी स्वतःच्याच कॅटलॉगमधून मेखा टाळण्याचा आग्रह धरला. १९७३ मध्ये त्यांनी स्थापलेल्या ‘पॅटागोनिया’ने २०११ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात दिली : हे जॅकेट विकत घेऊ नका.

हा उपदेश शिरसावंद्य मानला तो वांद्र्यानेच. येथे ते जॅकेट सहसा कोणी घेत नाही. त्याच नावाचे दुसरे, घासाघीस करून, घेतात.

आता प्रशासनानेही मागे राहू नये. माउंट मेरीच्या पायथ्याशी बेस कॅम्प उभारावा, पाली हिलवर प्राणवायूची सोय करावी आणि रिक्षाचालकांना शेर्पा म्हणून मान्यता द्यावी. चढ पाहून ‘नाही’ म्हणण्याचा विवेक त्यांच्याकडे आधीपासूनच आहे.

ता. क. : कळसूबाईची उंची १६४६ मीटर. नवरात्रात आसपासचे गावकरी देवीच्या दर्शनाला ते शिखर चढतात. साध्या चपलांवर.