पाठीवरचा स्विच काढणाऱ्या साहेबांस

प्रति,
मा. निर्यात विभागप्रमुख,
हाय-फाय उपकरणे बनवणाऱ्या समस्त कंपन्या.

विषय : ॲम्प्लिफायरच्या पाठीवरचा व्होल्टेज सिलेक्टर काढून टाकल्याबद्दल आभार.
संदर्भ : त्याच पाठीवर आपण छापलेली ओळ, ‘एसी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’.

महोदय, स. न. वि. वि.

आपले आभार मानावेत तेवढे थोडेच. न्यू जर्सीत अर्धं आयुष्य काढून पुण्याला परतणाऱ्या माणसापुढे सामान बांधताना शंभर प्रश्न असतात. त्यातला एक तरी आपण आधीच निकालात काढला आहे. ॲम्प्लिफायर न्यायचा नाही! तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०. तसाच प्लग लावला तर जवळपास दुप्पट दाब मिळणार, ट्रान्सफॉर्मर झेपेनासा होऊन भरमसाट करंट ओढणार. नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडेल, नसेल तर वाइंडिंगच जळेल. पुण्याहून तिकडे नेलेला जळणार नाही, पण अर्ध्या दाबावर धड चालणारही नाही. यंत्र पिढ्यान्‌पिढ्या टिकेल याची हमी आपण छातीठोकपणे देता. मालकाने तेवढ्या पिढ्या एकाच देशात काढाव्यात, हे आपण गृहीतच धरलेलं दिसतं.

दोन देशांमधली ही दरी दिसते तेवढी रुंद नाही असं काही खवचट लोक म्हणतात, आणि दुर्दैवाने पुरावा त्यांच्या बाजूने आहे. जगातली घरगुती वीज ढोबळमानाने दोनच कुळांची : एक १०० ते १२७ व्होल्टची, दुसरी २२० ते २४० व्होल्टची. दुसरं कूळ पहिल्याच्या साधारण दुप्पट. म्हणून ट्रान्सफॉर्मर करणारे फार पूर्वीपासून प्रायमरी बाजूला दोन सारखी वाइंडिंग देत आले, प्रत्येक ११५-१२० व्होल्टचं. दोन्ही पॅरललमध्ये जोडली की अमेरिका. सिरीजमध्ये जोडली की भारत, ब्रिटन आणि युरोप. अशा यंत्राचं झाकण उघडलं तर ट्रान्सफॉर्मरमधून चार तारा बोर्डावर उतरलेल्या दिसतात. तिथले तारेचे दोन तुकडे काढून त्याऐवजी एक तुकडा सोल्डर केला की यंत्राचं नागरिकत्व बदलतं. फ्यूजही बदलावा लागतो, कारण तेवढेच वॅट निम्म्या दाबावर घ्यायचे तर करंट दुप्पट लागतो. २३० व्होल्टला २ अँपिअरचा असेल, तर १२० ला साधारण ४ चा. पाठीवरचा तो चिमुकला स्विच ही जोडणीच बाहेरून बदलून द्यायचा.

हे काही गुपित नव्हतं. १९७० च्या दशकातल्या सान्सुई, पायोनिअर अशा जपानी बनावटीच्या कित्येक रिसीव्हरांच्या पाठीवर हा सिलेक्टर असे. अमेरिकी सैन्याच्या पीएक्स दुकानांत असा माल मिळे, कारण आज जपानच्या तळावर असलेला सैनिक उद्या जर्मनीत जाणार हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे बदलीच्या नोकरदाराची काळजी घेणं पन्नास वर्षांपूर्वी तंत्राला जमत होतं आणि हिशेबातही बसत होतं. आता हिंजवडीहून ऑस्टिनला आणि ऑस्टिनहून परत हिंजवडीला बदली होते ती सॉफ्टवेअरवाल्याची. त्याच्या खांद्यावर बंदूक नसते, म्हणून बहुधा त्याची फिकीर नाही.

आपलं पहिलं उत्तर सुरक्षिततेचं असेल, आणि ते पोकळ नाही. स्विच १२० वर राहिला आणि प्लग २३० मध्ये गेला की यंत्र जळतं. शिवाय प्रत्येक देशाची तपासणी निराळी, शिक्का निराळा : अमेरिकेत यूएल, युरोपात सीई, आपल्याकडे बीआयएस. सगळं मान्य. पण त्यासाठी सोयच काढून टाकणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. स्विचवर स्क्रूने बसणारी पट्टी लावता येते. तीही नको असेल तर जोडणी झाकणाच्या आत ठेवा आणि ती फक्त मेकॅनिकने बदलावी असं बजावा. आणि सुरक्षितता मोजायचीच तर पुढचंही मोजा. सिलेक्टर नाही म्हणून कोणी महागाचा ॲम्प्लिफायर फेकून देत नाही. तो कन्व्हर्टर शोधायला निघतो. प्रवासी सामानाच्या दुकानात मुठीत मावणारा, दीड हजार वॅटचा दावा करणारा कन्व्हर्टर मिळतो. तो हेअर ड्रायरसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतो. विजेची लहर तो सरळ कापून काढतो. ड्रायरच्या तारेला ते चालतं, ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरला चालत नाही. आपल्या सुरक्षिततेने माणसाला नेमकं या दुकानाच्या दारात आणून सोडलं आहे.

दुसरं उत्तर : ‘मग चांगला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या.’ सल्ला योग्य आहे. दुसरा इलाज नसेल तर तोच करावा, आणि मागे लिहिलेल्या वॅटच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्यावा. पण आत बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरलाच दोन वाइंडिंग देता आली असती, तर त्याच्यासाठी बाहेर कित्येक किलोंचा दुसरा ट्रान्सफॉर्मर कशाला पोसायचा? तो स्वतः गुणगुणतो, नुसता चालू ठेवला तरी वीज खातो आणि एवढं करून फक्त व्होल्ट बदलतो. हर्ट्झ तो बदलू शकत नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी काटकसरीने बेतलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर ५० हर्ट्झला वीस टक्के जास्त चुंबकीय भार पडतो. तो तापतो आणि गुरगुरतो. म्हणून पाठीवर ‘५०/६०’ लिहिलं आहे का, हे व्होल्टइतकंच नीट पाहावं लागतं.

टर्नटेबलाच्या बाबतीत तर हा हर्ट्झ थेट गाण्यात शिरतो. साध्या सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो. अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी पुण्यात सुमारे २७.८ फेरे घेते. काळी एकमध्ये गाणारे बुवा काळी पाचपर्यंत खाली उतरतात आणि वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालते. उलट दिशेने पुण्याचं टर्नटेबल तिकडे गेलं तर तबकडी ४० फेरे घेते; ६ ला ५ हे प्रमाण म्हणजे बरोबर कोमल गंधार, तेव्हा बुवांचा षड्ज तिथे जाऊन बसतो. हजार रुपयांचा स्टेपडाउन लावा की लाखाचा, यात स्वराचाही फरक पडत नाही. पडतो तो मोटरवरची पुली बदलल्याने. जपानात पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०, त्यामुळे टोकियोहून ओसाकाला बिऱ्हाड हलवणाऱ्यालाही हीच अडचण यायची. दोन मापांच्या पुल्यांनी ती सुटत असे. पुढे १९७९ च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ सारख्या यंत्रांनी वेग क्वार्ट्‌झच्या हवाली केला आणि तबकडीपुरता हर्ट्झचा प्रश्नच मिटवला.

तिसरं उत्तर : एसएमपीएस, म्हणजे स्विच-मोड पॉवर सप्लाय, आल्यावर हे सगळं शिळं झालं. खरंच आहे. मोबाइलचा साधा चार्जरही १०० ते २४० व्होल्ट निमूट गिळतो. मग एवढ्याशा चार्जरला जे जमतं ते वीस किलोच्या ॲम्प्लिफायरला का जमू नये? ‘आवाजासाठी आम्ही जड टोरॉइड ट्रान्सफॉर्मरच वापरतो’ असं म्हणत असाल तर खुशाल वापरा. टोरॉइडलाही दोन वाइंडिंग देता येतात. तंत्राची अडचण अशी एकेक करून गळून पडली की खाली उरते ती किंमत. एकच मॉडेल तीन देशांत तीन भावांनी विकायचं, तर स्वस्त देशातला माल महाग देशात शिरता कामा नये. धंद्याने नफा पाहावा यात पाप नाही. पण त्यासाठी वॉरंटी देशापुरती ठेवणं पुरेसं आहे, आणि ती आपण ठेवताच. वॉरंटी दोन-चार वर्षांत संपते; वाइंडिंगची अडवणूक मात्र यंत्राच्या अंतापर्यंत टिकते. तोवर त्या मॉडेलचं उत्पादन बंद झालेलं असतं आणि आपल्या वितरकाकडेही नवंच काहीतरी विकायला आलेलं असतं. मग दहा वर्षं जुनं यंत्र घेऊन कोणी घरी परतला, तर नुकसान नेमकं कोणाचं होतं?

तेव्हा विनंती एवढीच. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला दोन प्रायमरी वाइंडिंग द्या, दोन्ही जोडण्यांचा नकाशा आणि फ्यूजची मापं सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापा, आणि वॉरंटी संपल्यावर कोणत्याही देशातल्या आपल्या सेवाकेंद्राने हा बदल करून द्यावा. खर्च वाढतो म्हणाल तर तो किमतीत जरूर धरा. फक्त बिलात वेगळा दाखवा : ‘देशांतराच्या सोयीसाठी तांब्याच्या तारेचे तुकडे, इतके रुपये.’ ग्राहक हसत हसत देईल. तो आकडा छापताना आपल्यालाच संकोच वाटेल, एवढीच काय ती अडचण.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दोन्ही कुळांच्या विजेचं बिल नेमाने भरणारा एक ग्राहक