मदतकक्षाचा मंगळवार

२०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून जी सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे जमा झाली, त्यांत वाघाची निघाली अवघी ७६,६५१. बाकी सारे चितळ, सांबर, गुरे, गुराखी आणि वाऱ्याने हललेले गवत. असले गवत यंत्राकरवी निवडून टाकणारी एक लहानशी आज्ञावली रचून देण्याचे अविचारी वचन मी ताडोबा अभयारण्याच्या फाटकाशी वसलेल्या मोहर्लीच्या एका स्नेह्यास दिले, आणि त्यापायी एका कॅमेरा-कंपनीचा, जिचे नाव सौजन्यास्तव घेत नाही, ‘एसडीके’ नामक, म्हणजे कॅमेरा आपल्या आज्ञावलीस जोडून देणारा, संच रोख मूल्य मोजून विकत घेतला.

सोबतचे चारशे पानांचे बाड वाचताना मला जुन्या पगमार्क-गणनेचे स्मरण झाले. वाघाचे ठसे काचेवर गिरवून शिरगणती करण्याची ती पद्धत, २००५ साली सरिस्कात कागदावर वाघ आणि रानात शून्य असा हिशेब उघडकीस आल्यावर मोडीत निघाली. या कंपनीने ती भंगारातून उचललेली दिसते. ‘ओपनकॅमेरा’ म्हटले की कॅमेरा उघडतो, ‘क्लोजकॅमेरा’ म्हटले की मिटतो, हे ज्ञान पानोपानी. न उघडल्यास काय करावे, या कलमाखाली ‘हे पान हेतुतः कोरे ठेवले आहे’ एवढाच मजकूर.

कॅमेरा काही उघडेना, म्हणून अखेरीस कंपनीच्या मदतकक्षाकडे रीतसर अर्ज गुदरला, तेव्हा उलट टपाली तिकीट क्रमांक आला. मोहर्लीच्या फाटकावरही तिकीटच मिळते, आणि वाघ दिसेलच अशी हमी तेथेही कोणी देत नाही, हे मान्य. परंतु त्या तिकिटासोबत जिप्सी असते, गाईड असतो, आणि चितळाने कॉल दिला की तो गाडी थांबवून कान टवकारतो. माझ्या कॉलला मात्र संचाने ‘अज्ञात चूक’ असे उत्तर दिले, आणि तिचा खुलासा मागता ‘आपले इंटरनेट तपासावे’ असे फर्मान सुटले. (मोहर्लीत वनखात्याची रेंज आहे, दुसरी रेंज हुडकीत मी इरई धरणाच्या पाण्यापर्यंत पायपीट केली.) ताडोब्याला सुट्टी मंगळवारची, या मदतकक्षाचे सातही वार मंगळवार.

तीन आठवड्यांनी ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून माझे तिकीट दप्तरी दाखल करण्यात आले, आणि पाचपैकी किती तारे द्याल, अशी पृच्छा झाली.

त्या सायंकाळी फाटकाशी ओळखीचा गाईड भेटला. ‘‘साहेब, दिसला का जी?’’

‘‘पगमार्क दिसले,’’ मी म्हणालो.