विनापरवाना कोसळणारे डोंगर

दरड का कोसळते, याची मीमांसा आपल्याकडे दोन शास्त्रे करतात. त्यांपैकी भूशास्त्राचे म्हणणे असे की, सह्याद्रीच्या काळ्या कातळावर ऊनपावसाने झिजून तयार झालेला माती-मुरमाचा थर पावसाचे पाणी पोटात घेतो, खालच्या अभंग कातळात ते सहजी मुरत नसल्याने दोहोंच्या सांध्यावर तुंबते आणि कणांमधील पाण्याचा दाब, म्हणजेच रंध्रदाब, वाढून मातीची पकड सुटते. त्यात वरचा भार तोलणारा पायथा कोणी रस्त्यासाठी किंवा बंगल्यासाठी जेसीबीने आधीच खरवडून ठेवला असेल, तर डोंगराला खाली येण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दुसरे शास्त्र शासकीय असून त्यानुसार दरड ही निसर्गाच्या कोपाने कोसळते. कोपाला ठेकेदार नसतो आणि त्याची खातेनिहाय चौकशीही लावता येत नाही, त्यामुळे हेच शास्त्र अधिक राजमान्य ठरले आहे.

या शास्त्राची पद्धतही कौतुकास्पद आहे. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा ती खबर बाहेर पोहोचवली ती कोणत्याही पूर्वसूचना यंत्रणेने नव्हे, तर नेहमीच्या फेरीवर आलेल्या आणि गाव जागेवर न दिसल्याने चक्रावलेल्या एसटीच्या चालकाने. (या सेवेचे वेगळे भाडे महामंडळाने आकारले नाही.) पुढे दरडप्रवण गावांच्या याद्यांवर बराच भर दिला गेला, परंतु 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर जो डोंगर आला, त्याने ही यादी वाचलेली नसावी, कारण वाडीचे नाव तीत नव्हते, आणि तसा खुलासा विधिमंडळात तत्परतेने करण्यात आला.

उपायांच्या बाबतीत सिमेंटवरील श्रद्धा अढळ आहे. घाटरस्त्याच्या कडेला संरक्षक भिंत बांधताना मागचे पाणी निघून जावे म्हणून तीत आडवे पाइप सोडावे लागतात व त्यांच्यामागे दगडगोट्यांचा गाळणथर भरावा लागतो. प्रत्यक्षात पाइपांची तोंडे मातीने बुजलेली किंवा गिलाव्याखाली गेलेली आढळतात, आणि अशी भिंत डोंगराला आवरण्याऐवजी पाणी अडवून त्याच्या दाबात भर घालते. उताराच्या माथ्यावर चर खणून पाणी बाजूला वळवणे, पायथा न तोडणे, खोल मुळांची झाडे राखणे, जमिनीला भेग पडली, खांब कलला किंवा झऱ्याला अचानक गढूळ पाणी आले तर वस्ती त्याच दिवशी हलवणे, हे उपाय स्वस्त आहेत. पण त्यांच्या उद्घाटनाला कोनशिला बसवता येत नाही, ही त्यांची मूलभूत त्रुटी होय.

राहिला प्रश्न कायद्याचा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाबाबतचा अहवाल 2011 मध्ये दिला; तो फारच कडक वाटल्याने कस्तुरीरंगन समितीकडून 2013 मध्ये सौम्य अहवाल घेण्यात आला, आणि तोही पचायला जड गेल्याने 2014 पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे केवळ मसुदे निघत आहेत. सहावा मसुदा 31 जुलै 2024 चा, म्हणजे माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी पहाटे केरळातील वायनाडवर डोंगर कोसळला, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यावर हरकती नोंदवण्यास 60 दिवसांची मुदत होती; त्या अवधीत डोंगरांच्या वतीने विहित नमुन्यात अर्ज आल्याचे ऐकिवात नाही.