खालचा आकडा

कुणी मोटारसायकल घेतली की लोक सीसी विचारतात, रंग विचारतात, हप्ता किती बसला ते विचारतात. आमच्या सोसायटीतले नंबरवाले काका एकच विचारतात, ‘एकूण किती काढल्या?’ मध्यंतरी तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने नवी स्प्लेंडर आणली आणि पेढे वाटले. काकांनी पेढा हातात घेऊन त्यालाही विचारलं. पोरगा भाबडेपणाने म्हणाला, ‘लाखो असतील की, काका.’ काकांनी अर्धा पेढा खाल्ला आणि अर्धा परत ठेवला.

बँकेच्या ऑडिट खात्यात हयात गेलेल्या माणसाला अपूर्णांकाची ओढ असणार हे मी समजू शकतो. पण काकांना अंशात रस नाही. आपली गाडी पहिली की दोनशेवी याची त्यांना फिकीर नसते. त्यांचा जीव छेदात. खालचा आकडा जितका लहान, तितकी काकांची मान ताठ.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे रॉयल एनफिल्डची क्लासिक ५०० पेगासस. साल २०१८. जगभरात मिळून १०००, त्यातल्या भारताला २५०. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या छत्रीधारी सैनिकांसोबत विमानातून लोखंडी पिंजऱ्यात घालून खाली सोडायची एक चिमुकली १२५ सीसी गाडी होती, फ्लाइंग फ्ली. तिची ही आठवण. परदेशात हिरवा रंगही मिळाला. आपल्याकडे तो लष्कराचा म्हणून फक्त तपकिरी. बाजूला कॅनव्हासच्या पिशव्या, टाकीवर रंगवलेला नंबर. ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि १७८ सेकंदांत अडीचशेच्या अडीचशे संपल्या. त्या दिवशी काका, त्यांचा भाचा आणि सून असे तिघे तीन खोल्यांत तीन कॉम्प्युटर लावून बसले होते. मिळाली सुनेला. त्यामुळे आरसी बुकावर नाव तिचं आहे, आणि कायद्याने पाहिलं तर काका त्या गाडीचे फक्त राखणदार. ते स्वतः मात्र छाती काढून ‘सिंगल ओनर’ सांगतात.

गाडी पार्किंगमध्ये गोधडीखाली असते. काकूंनी एकदा त्या कॅनव्हासच्या पिशव्यांत मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या होत्या. त्यानंतर आठवडाभर घरात बोलणं फक्त सुनेमार्फत चालू होतं. दसऱ्याला हार चालतो, पण टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक नाही. ओरिजिनल पेंट! काकू गोधडीवर स्वस्तिक काढतात.

या गाडीच्या आयुष्यात एकच वादळ आलं. पेगासस घराघरांत पोहोचते न पोहोचते तोच कंपनीने क्लासिक ३५० ची ‘सिग्नल्स’ आवृत्ती काढली. ती स्वस्त, आणि वर तिला एबीएस. पेगाससला एबीएस नव्हतं. मालक खवळले, निषेध म्हणून गाडी कचऱ्यात लोटल्याच्या बातम्या झाल्या. शेवटी कंपनीने ज्यांना नको असेल त्यांच्या गाड्या परत घ्यायची तयारी दाखवली. अडीचशेतला एक मालक (सुनेमार्फत) म्हणून काकांनीही चिडायला हवं होतं. काकांनी घरी श्रीखंड आणलं. ‘जेवढ्या परत जातील तेवढा छेद कमी,’ ते वाटी पुढे करत मला म्हणाले. ब्रेकचं काय, हे मी विचारलं नाही. चालवायचीच नसलेल्या गाडीला थांबवायची काळजी कशाला?

काकांचा एक सिद्धांतही आहे. जावाला नव्वद वर्षं झाली म्हणून २०१९ मध्ये खास आवृत्तीच्या ९० गाड्या निघाल्या. रॉयल एनफिल्डची एकशेवीस भरली तेव्हा ६५० सीसीच्या ४८० निघाल्या, त्यातल्या भारताच्या वाट्याच्या १२० दोन मिनिटांत उडाल्या. हीरोने संस्थापकांच्या जन्मशताब्दीला शंभर काढल्या. ‘म्हणजे कंपनी जितकी म्हातारी तितका माल जास्त,’ काका म्हणतात. ‘खरी दुर्मीळ गाडी पहिल्या वाढदिवसाची. एक वर्ष, एक गाडी!’ तेव्हापासून नवी कंपनी निघाल्याची बातमी आली की ते तिचा वाढदिवस डायरीत टिपून ठेवतात.

त्यांच्यासमोर डुकाटीचा विषय काढू नये. माइक हेलवूड हा इंग्रज शर्यतपटू अकरा वर्षांच्या खंडानंतर १९७८ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत डुकाटीवर बसला आणि जिंकला. कंपनीने त्याच्या नावाची प्रतिकृती बाजारात आणली. आधी काही शेच काढायचा बेत होता. पण मागणी थांबेना, मग कारखानाही थांबेना, आणि पुढच्या काही वर्षांत आकडा सात हजारांच्या आसपास गेला. हे सांगताना काकांचा चेहरा वडिलोपार्जित वाड्याला सात हजार वारस निघाल्यासारखा होतो.

खरं तर काकांकडे एकेकाळी राजदूत ३५० होती. यामाहाच्या आरडी ३५० ची ही इथली बहीण, १९८३ मध्ये आलेली. पळायला वारा, प्यायला राक्षस. त्या पेट्रोलच्या तहानेपायी लोकांनी ती घेतली नाही, घेतली त्यांनी विकली. काकांनी वजनावर भंगारात घातली. आता चांगल्या अवस्थेतल्या राजदूतसाठी हौशी लोक मागाल ती किंमत मोजतात. तिच्यावर कुणी नंबर रंगवला नव्हता, छेद कुणी ठरवला नव्हता. तो काकांसारख्यांनीच, किलोच्या भावाने, लहान केला. ही गोष्ट मला काकूंकडून कळली. काकांच्या तोंडून राजदूतचं नाव कधी ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात साताऱ्याकडचा नवा वॉचमन आला. काका गोधडी बाजूला करून टाकी पुसत होते. तो अदबीने जवळ आला.

‘सायेब, गाडी लई भारी हाय. किती देती?’

‘अडीचशे,’ काका मान वर न करता म्हणाले.

‘अडीचशे?’

‘अख्ख्या भारतात. त्यातल्याही काही लोकांनी परत केल्या.’

वॉचमनने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून इंजिन पाहिलं.

‘अडीचशे देत असताना?’