साठीनंतरचा दसरा : काढण्याची कार्यपद्धती

अहमदपुरात भादव्याच्या शेवटी कुणी 'दसरा काढला का?' असं विचारलं, तर त्याचा रावणाशी काही संबंध नसतो. घट बसायच्या आत, म्हणजे पितृपंधरवड्यातच, घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं, भांडीकुंडी, डबे-बरण्या बाहेर काढायच्या, धुवायच्या, वाळवायच्या आणि परत जागच्या जागी लावायच्या, याला दसरा काढणं म्हणतात. पुण्याचा नातू याला डीप क्लीनिंग म्हणतो. तिकडं फोन केला की माणसं यंत्रं घेऊन येतात म्हणे.

इकडं ती येत नाहीत, म्हणून सदर मार्गदर्शिका. वयाची साठ वर्षे पूर्ण केलेल्या आणि गुडघे शाबूत असल्याचं स्वतःच सांगणाऱ्या सर्वांस ती लागू राहील. लिहिणारा तहसिलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला आहे. भाषेला तेवढी सूट द्यावी.

पहिला मुद्दा मनुष्यबळाचा. दसरा काढायची वेळ आणि सोयाबीन काढायची वेळ एकच. आमच्या भागातलं निम्म्याहून जास्त शिवार सोयाबीनचं, त्यामुळं या दिवसांत गावातल्या सगळ्या बाया गुत्त्यानं रानात. आमच्याकडं पूर्वी येणारीला विचारलं तर म्हणाली, "काका, तुमचा माळा झाडू का एकराचं गुत्तं सोडू?" हिशेब बरोबर होता. उरलो आम्ही दोघं. आमच्या वयाची बेरीज एकशे चाळीसच्या पुढं जाते.

दिवस पंचांग बघून ठरवू नये, नळ बघून ठरवावा. लिंबोटी धरणाचं पाणी ज्या दिवशी येईल तो मुहूर्त. आदल्या रात्री पिंप, घागरी, बादल्या, पातेली, जे जे म्हणून भरता येईल ते रिकामं करून ठेवावं. मग कळतं की धुवायची भांडी तीच आणि पाणी साठवायची भांडीही तीच. यावर मला अजून तोडगा सापडलेला नाही.

उंचीवरची कामं. साठीनंतर स्टुलावर चढू नये. खुर्चीवर स्टूल ठेवून तर नाहीच नाही. रक्तदाबाची गोळी घेऊन मान वर करून उभं राहिलं की घर फिरतं, हे मी अनुभवानं सांगतो, कारण मी चढलो होतो. खालून आवाज आला, "आवो, काय करूलालाव वर? उतरा की खाली." उतरलो. वेळूच्या काठीला फडा बांधावा, डोक्याला उपरणं गुंडाळावं, चष्मा काढू नये आणि जळमटं ओढताना तोंड मिटलेलं असावं. बोलायचं असेल तर आधी खाली बघावं.

माळदाच्या खोलीसाठी वेगळा नियम लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या भिंती आणि त्यावरचं मातीचं जड छत, म्हणजेच माळद, माणसांच्या अंगावर आलं. त्यानंतर आम्ही पुढच्या दोन खोल्यांचं माळद उतरवून पत्रे टाकले. मागची खोली राहिली ती राहिलीच. माळदाची खोली झाडून काढणं ही कधी निकाली न निघणारी फाईल आहे. फडा मारला की किलच्यांतून मूठभर माती खाली येते, ती झाडावी तोवर आणखी मूठभर. दुपारपर्यंत मला शंका आली की मी छतच झाडून काढतोय. तिथं थांबलो.

एक परिच्छेद मात्र चेष्टेत घेऊ नये. संडासाला टाकायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो छातीत बसतो. एक काहीतरी वापरावं, खिडकी उघडी ठेवावी. पितळेला चिंच आणि राख पुरते, तिच्यानं आजवर कुणी गुदमरलेलं नाही.

आता संदूक. इथं बहुतेकांचा दसरा अडकतो, म्हणून ती शेवटी उघडावी. मी पहिल्यांदा उघडली, ही चूक झाली. वस्तूंचे तीन ढीग करावेत असं शहाणी माणसं सांगतात: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. आमच्याकडं चौथा ढीग निघाला, 'पुढील आदेशापर्यंत'. त्यात निजामाच्या हाली शिक्क्याची दोन नाणी गेली, बहात्तरच्या दुष्काळात आईनं खडी फोडली तो हातोडा गेला आणि कागद गेले. मी जन्मलो तेव्हा ही खोली हैदराबाद राज्यात, बिदर जिल्ह्यात होती. १९५६ साली तालुका उस्मानाबादेत आला, १६ ऑगस्ट १९८२ ला लातुरात. खोली जागची हलली नाही, शिक्के तेवढे बदलत गेले. सर्वांत तळाशी एक उर्दू कागद आहे. तो वडिलांना वाचता येत होता, मला येत नाही. खरेदीखत असेल, पावती असेल, कुणाचं पत्र असेल. कशाचा आहे ते कळत नाही, म्हणून टाकता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद निकाली काढले. हा दरवर्षी घडी उलगडून बघतो आणि पुन्हा तशीच घालतो.

तिसऱ्या दिवशी वाकळ. आईनं शिवलेली, ठिगळावर ठिगळ. एका कोपऱ्यात तिच्या इरकल लुगड्याचा काठ, मधे माझी शाळेची खाकी चड्डी. कोरडी असताना एकट्याला उचलते, भिजली की तिचं रेड्याएवढं वजन होतं. पिळायची पद्धत अशी: दोघांनी दोन टोकं धरून समोरासमोर उभं राहावं आणि दोघांनीही आपापल्या उजवीकडं पीळ घालावा. मी डावीकडं घातला. वाकळ नुसती गोल फिरत राहिली, पाण्याचा थेंब गळेना.

"पन्नास वर्षं झाली लग्नाला," बायको म्हणाली, "आन् अजून उलटंच."

मग मी बाजू बदलली आणि गढूळ पाण्याची धार तिच्या पायावर पडली.

चार वाजता सगळं घर अंगणात होतं. बाजेवर वाकळ, भिंतीवर सतरंज्या, तुळशीपाशी डबे, आणि संदूक तोंड वासून उन्हात. तेव्हाच शिरूर ताजबंदच्या बाजूनं ढग आला. परतीच्या पावसाबाबत मार्गदर्शन करता येत नाही, फक्त पळता येतं. जे बाहेर काढायला तीन दिवस लागले ते पाऊण तासात आत आलं. कोण कसं उचलत होतं ते दोघांनीही बघितलं नाही. चारही ढीग एकाच संदुकीत गेले, उर्दू कागद पोटाशी धरून मी आणला, संदुकीवर ओली वाकळ, वाकळीवर घंगाळ.

दुसऱ्या दिवशी घट. देवळीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. बायकोनं दोन डबे सरकवले, हातभर जमीन मोकळी केली आणि ओल्या फडक्यानं पुसली.

"देवीला एवढी बास हाय," ती म्हणाली. "तुम्ही तेवढं रानातली माती घेऊन या."