टाके आणि गोंडे

कापसाच्या गादीवर झोपणाऱ्यांचे दोन पंथ असतात. पहिला, ‘हे गोंडे पाठीला टोचतात’ म्हणून कुरकुरणारा. दुसरा, झोप लागेपर्यंत हाताशी आलेला गोंडा पिळत, ओढत, त्याची एकेक दशी मोकळी करत पडणारा. पहिल्यात बहुधा वडीलधारी मंडळी, दुसऱ्यात पोरंटोरं. गोंडा तिथे मुळात आहे कशाला, हा प्रश्न मात्र दोन्ही पंथांना कधी पडत नाही. शोभेला लावला असेल, एवढीच सगळ्यांची समजूत. वास्तविक ज्या गादीवर रात्री चादर आणि दिवसा चादरीवर पलंगपोस, तिची शोभा बघणार कोण?

आमच्या मामेभावाने दुसऱ्या पंथाचं व्रत फार निष्ठेने पाळलं. मे महिन्याच्या सुट्टीत तो आमच्याकडे येई आणि जूनमध्ये परत जाई. तो गेला की गादीत भूगोल सुरू होई. जिथले गोंडे गेले तिथले दोरे सुटत, दोरे सुटले की कापसाला पाय फुटत. गणपतीपर्यंत मधोमध एक दरी, दिवाळीपर्यंत दरीच्या दोन्ही अंगांना डोंगर. संक्रांतीला पायथ्याशी एक स्वतंत्र टेकडी. आम्ही दोघं भाऊ रात्री दोन कडांना झोपायचो आणि पहाटे दरीत एकमेकांवर सापडायचो. ‘भावाभावांत किती प्रेम आहे’ असं आई शेजारणींना सांगायची. ते प्रेम नव्हतं, तो उतार होता.

घरातल्या गाद्यांची प्रतवारी गोंड्यांवरूनच ठरे. सगळे गोंडे शाबूत असलेली गादी जावयांना. दोन-चार गळालेली मोठ्या काकांना. आणि ज्या पाहुण्यांचा मुक्काम आटोपशीर असावा असं घराला मनोमन वाटे, त्यांच्या वाट्याला डोंगराळ गादी येई. तोंडाने कुणी कुणाला ‘आता निघा’ म्हणत नसे. कापूस सांगे.

मग एखाद्या उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आत, गल्लीत तात वाजायची. गादीवाले चाचा खांद्यावर धनुकली घेऊन यायचे आणि चालता चालता तिची तार छेडायचे. त्यांना ओरडून ‘गादीऽऽवाला’ म्हणायची कधी गरज पडली नाही. अंगणात गाद्या उसवल्या जायच्या. आतून कापसाआधी घराचा इतिहास बाहेर पडे : केसातले आकडे, पेन्सिलीचं टोक, चार आण्याचं नाणं आणि ते हरवल्याबद्दल ज्याने मार खाल्ला होता त्याचं निर्दोषत्व. मग धनुकलीची तात कापसात बुडवून चाचा तिच्यावर दोन्ही टोकांना फुगलेला लाकडी दांडका मारायचे. थरथरत्या तातेने गुठळ्या सुटत, धूळ उडे आणि मुठीएवढ्या कापसाचा पाटीभर होई. कापसाच्या तंतूला जात्याच पीळ असतो, त्यामुळे ते एकमेकांना धरून राहतात. वर्षानुवर्षं माणसं त्यांच्यावर लोळली की हे धरणं इतकं वाढतं की गोळे होतात. पिंजणं म्हणजे ती मिठी सोडवणं.

त्यानंतर वजन. आई स्वतः काटा धरून उभी राहायची. एकेरी गादीला साधारण आठ-दहा किलो कापूस लागतो आणि पिंजल्यावर त्यातला अर्धा किलो कमी भरला की बोलणं सुरू होई.

“चाचा, आठ किलो दिला होता. साडेसात कसा?”

“भाभी, अर्धा किलो धूळ होती. बांधून देऊ का? तुमचीच आहे.”

आई यावर कधी हरली नाही आणि चाचा कधी जिंकले नाहीत. हिशेब दरवेळी चहावर मिटायचा.

पण खरी कला याच्या पुढे. पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाच्या नव्या खोळीत कापूस भरला, वरून काठीने बडवून सारखा केला, तोंड शिवलं, की जी वस्तू तयार होते ती अजून गादी नसते. तो नुसता फुगलेला पोतडा असतो. त्यावर झोपलात तर मधला कापूस तुमच्या वजनाने बाजूला सरकेल आणि तासाभरात पाठ जमिनीला, कापूस बरगड्यांना. त्याला गादी करतात ते टाके. चाचा वीतभराहून लांब सुई जाड दोऱ्यासकट वरून आरपार घालायचे, खालचा हात ती झेलायचा, बोटभर अंतरावरून परत वर पाठवायचा. दोऱ्याच्या वेढ्यात खाली एक गोंडा, वर एक गोंडा. मग दोरा ओढायचा आणि गाठ. किती ओढायचा, याचं माप कुठल्या पट्टीवर नव्हतं. त्या क्षणी चाचा डोळे मिटायचे.

“अजून चार टाके घाला की मधे,” आई म्हणायची. पैसे गादीमागे ठरलेले, टाक्यामागे नव्हेत, हे तिच्या पक्कं लक्षात असे.

“भाभी, जास्ती घातले तर फरशीवर झोपल्यागत होईल. मग गादीला पैसे कशाला देता?”

टाका सैल राहिला तर कापूस भटकतो. फार आवळला तर कापूस दगड होतो आणि तिथे खड्डा पडतो. दोरा ताणात, कापूस दाबात, आणि दोघांची बरोबरी जिथे होते तिथे गाठ. अभियांत्रिकीच्या पुस्तकात हेच आकृत्या काढून सांगितलेलं मी पुढे वाचलं. तिथे गादीचा उल्लेख नव्हता आणि चाचांचा तर नव्हताच.

आता गोंड्याकडे येऊ. नुसता दोरा गादीपाटावर ओढला असता तर सगळा ताण दोऱ्याच्या जाडीएवढ्या जागेवर आला असता आणि दोऱ्याने कापड करवतीने कापल्यागत चिरलं असतं. मधे गोंडा आला की तोच ताण रुपयाएवढ्या जागेवर पसरतो. म्हणजे बोल्टच्या डोक्याखाली जो वायसर असतो, तोच गादीवर गोंडा होऊन बसलेला असतो. फरक इतकाच, की वायसरला कुणी शोभेची वस्तू म्हणत नाही आणि झोप येत नाही म्हणून कुणी तो उपटत नाही.

या टाक्यांची आणखी एक गंमत आहे. तुम्ही गादीवर बसता तेव्हा तुमच्या बुडाखालचा टाका ताणला जात नाही, उलट सैल पडतो. कारण वरचं कापड खाली गेलेलं असतं. तुमच्या वजनाने कापूस आजूबाजूला पळू बघतो आणि त्याला आवरण्याचा ताण येतो तो शेजारच्या टाक्यांवर. एकत्र कुटुंबात थोरले काका खुर्चीवर स्वस्थ बसलेले असतात आणि धावपळ मधल्या सुनेची होते, ती याच नियमाने. गादी फाटते तीही बसायच्या जागी क्वचित. फाटते शेजारी.

सावरीचा कापूस उशीत चालतो, पण गादीत त्याला सांभाळणं अवघड, त्याचंही कारण हेच. पांढऱ्या सावरीचा तंतू आतून पोकळ, बाहेरून मेणचट आणि इतका हलका की एके काळी बोटींवरच्या जीवरक्षक जाकिटांत तो भरत. पण त्याला पीळ नाही. गुळगुळीत असल्यामुळे तो कुणाला धरत नाही आणि कुणाच्या हाती लागत नाही. उशीच्या छोट्या खोळीत त्याला पळून जायला जागा नसते. सहा फुटी गादीत त्याला बांधून ठेवायचं तर गोंडेच गोंडे लावावे लागतील.

अडचण सगळ्या जगात एकच असल्यामुळे उपायही एकच निघाला. जपानी माणसाच्या कापसाच्या फुतॉनला असेच आरपार दोरे घालून गाठी मारतात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनी सोफ्यात घोड्याचे केस भरले आणि तेही कापसासारखेच भटकायला लागल्यावर बटणं लावून दोऱ्याने आत खेचून बांधले. दोन बटणांच्या मधे कातड्याच्या घड्या पडून शंकरपाळी आकार तयार झाला, तशा सोफ्याला चेस्टरफील्ड म्हणू लागले, आणि साहेबाच्या क्लबात तो प्रतिष्ठेचा झाला. चाचांच्या गोंड्याला जे भाग्य लाभलं नाही ते त्याच्या विलायती भावाला लाभलं. कारखान्यांत तर दोऱ्याच्या टोकाला आडवी काडी असलेले नायलॉनचे बंद आले. पोकळ सुईतून काडी उभी जाते आणि पलीकडे बाहेर पडली की आडवी होऊन अडकते. नव्या शर्टाला किमतीची चिठ्ठी याच युक्तीने लावलेली असते. ती किती चिवट असते हे, लग्नाच्या मांडवात कुणीतरी मागून येऊन आपली किंमत मोठ्याने वाचली की कळतं.

आमच्या फ्लॅटमधल्या सोफ्याच्या पाठीवर अशीच कापड चढवलेली बटणं आहेत. त्यातलं एक एके दिवशी टपकन पडलं. बायको म्हणाली, “एक बटणच तर आहे, जाऊन घेऊन ये.” त्या ‘एक बटणच तर’चा भरवसा धरून मी पुण्याच्या बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने माझ्या तळहातावरचं बटण बघितलं आणि उलटतपासणी सुरू केली.

“मागे कडी हवी का खिळा?”

“साधं द्या.”

“साधं नसतं. दोऱ्याने बांधणार असाल तर कडी. लाकडात ठोकणार असाल तर खिळा. सोफ्याची पाठ उघडून बघितली का?”

सोफ्याला पाठ उघडून बघायची असते हेच मला नवीन होतं.

“बरं, किती लाइनचं?”

बटणांच्या व्यापारात चाळीस लाइनचा एक इंच होतो. इतकी वर्षं शर्टाची बटणं लावत आलो आणि ती कुठल्या मापाने मोजतात याचा पत्ता नव्हता.

“आणि सोफ्याचं कापड आणलंय का? वरची टोपी, खालची चकती, मधे कापड दाबून प्रेसमधे बसवायचं असतं. कापड नसेल तर लोखंडाचंच बटण घेऊन जा, लाल रंग मारा.”

माझ्या मागे उभ्या असलेल्या कुशनवाल्या पोराने दोन मिनिटांत शंभर बटणं मागितली, माप सांगितलं, कडी सांगितली, पैसे दिले आणि माझ्याकडे करुणेने बघून निघून गेला. घरी आल्यावर सोफ्याची पाठ उघडली तेव्हा कळलं, की ते बटण कशालाच बांधलेलं नव्हतं. नुसतं गोंदाने चिकटवलेलं होतं. आत होता फोमचा सलग ठोकळा.

इथे सगळा घोटाळा आहे. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं, पुढे त्याचा मऊ फोम झाला आणि बसण्या-झोपण्याच्या जगातून भटकणाऱ्या कापसाची अडचण संपली. फोम एकसंध. त्याला सरकता येत नाही, म्हणून बांधावं लागत नाही, म्हणून टाका नको, गोंडा नको, बटण नको. पण माणसाच्या डोळ्यांना सवय झालेली. गोंडा नसलेली गादी त्याला अर्धवट वाटते. मग फोमवर खोटी बटणं चिकटवतात, खोळीवर यंत्राने शंकरपाळी शिवतात. पूर्वी गोंडा काम करायचा आणि लोक त्याला शोभेचा समजायचे. आता तो शोभेचा आहे आणि लोकांना वाटतं तो काहीतरी काम करत असेल.

कापसाच्या गादीचा एक गुण मात्र फोमला जमलेला नाही. ती पुन्हा पहिल्यापासून करता येते. दोरे कापा, कापूस काढा, पिंजा, भरा, टाके घाला. खोळ बदलते, दोरे बदलतात, कापूस तोच. आमच्या घरातला काही कापूस आईच्या लग्नातला आहे. फोम बसला की बसला. त्याला पिंजून कोण उठवणार?

हा मुद्दा मला गाद्यांच्या एका चकाचक दुकानात आईने समजावला. तिच्या कंबरेसाठी नवी गादी बघायला गेलो होतो. वातानुकूलित दालन, मंद संगीत, टाय लावलेला तरुण विक्रेता. त्याने थरांचा कापून ठेवलेला नमुना दाखवला : हा मेमरी फोम, हा लॅटेक्स, हा आधाराचा थर. “आजी, तुमच्या शरीराचा आकार ही गादी लक्षात ठेवते.”

“मग विसरायला कधी लागते?” आईने विचारलं.

“दहा वर्षांची गॅरंटी आहे, आजी.”

आई गादीवर आडवी झाली, कुशीवर वळली, उठून बसली. मग तिने चारही कडांवरून हात फिरवला, कोपरा उचलून खाली बघितला आणि वरच्या कापडाला चिमटा घेऊन ओढून पाहिलं.

“चांगली आहे. पण ही उसवायची कुठून?”

विक्रेत्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

“कव्हरला चेन आहे, आजी. कव्हर काढून धुता येतं.”

“कव्हर नाही रे बाळा. गादी. दहा वर्षांनी ही उसवून परत भरायची झाली तर कुठून उसवायची?”

पोरगा आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने प्रश्न पुन्हा ऐकला, गादीला एक प्रदक्षिणा घातली, आईच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं आणि न मागता आणखी पाच टक्के सवलत जाहीर केली. त्याला वाटलं, बाई घासाघीस करताहेत.