लेबल लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

लेबल छापायचं छोटं यंत्र हातात आलं की माणसाला पहिल्या तासात वाटतं, आता या घरातला पसारा संपला. दुसऱ्या तासात तो मिठाच्या बरणीवर 'मीठ' अशी पट्टी लावतो आणि चार पावलं मागे जाऊन तिच्याकडे बघत उभा राहतो. या उत्साहाला शिस्त लागावी म्हणून हे मार्गदर्शन. ते घर, कार्यालय आणि कार्यालयातून घरी आणलेलं काम या तिन्हींना लागू राहील.

1. यंत्राची निवड

डायमो ही कंपनी अमेरिकेत 1958 साली निघाली. तिच्या जुन्या यंत्रात चकती फिरवून अक्षर निवडायचं आणि मूठ दाबायची, की रंगीत प्लास्टिकच्या पट्टीवर पांढरं अक्षर उठायचं. शाईचा संबंध नाही, प्लास्टिक ताणलं जाईल तिथे ते पांढरं पडतं. एकेका अक्षराला मूठ आवळावी लागत असल्यामुळे त्या काळी लोक थोडक्यात लिहीत. 1988 मध्ये ब्रदर कंपनीनं पी-टच आणलं. बटणं आली, पडदा आला, पुढे नक्षीच्या चौकटी आणि बदामाचं चिन्हही आलं. आता वीजबिलांच्या फायलीलाही बदाम लावता येतो.

आजच्या यंत्रांच्या मुख्य जाती दोन. एकीत पट्टीच उष्णतेनं काळी पडते. एटीएमची पावती याच जातीची, त्यामुळे तिचं पुढे काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरीत फितीवरचा रंग उष्णतेनं पट्टीवर उतरतो आणि चांगल्या पट्टीत त्यावर पारदर्शक थरही असतो. सबब, ऊन, पाणी आणि गॅसची शेगडी यांच्या आसपास दुसरी जात वापरावी. पहिली कपाटाच्या आत, अंधारात ठेवावी.

बटणांच्या यंत्रावर देवनागरी सहसा नसते. फोनला जोडायचं यंत्र घेतल्यास मराठीत छापता येतं. मात्र 12 मिलिमीटरच्या पट्टीत पुणेरी पाटी मावत नाही. अपमान एका ओळीत बसवण्याचा सराव आधी कागदावर करावा.

2. काटकसर

छपाई आणि कात्री यांच्यात यंत्राच्या पोटात अंतर असतं, म्हणून अनेक यंत्रं प्रत्येक लेबलाआधी सुमारे इंचभर कोरी पट्टी सोडतात. 'रवा' हा सेंटिमीटरभराचा मजकूर, त्याला अडीच सेंटिमीटरचं मोकळं अंगण. आठ मीटरची गुंडाळी अशा अंगणांतच संपते. उपाय असा: दहा-बारा नावं मध्ये जागा सोडून एकाच दमात छापावीत आणि नंतर साध्या कात्रीनं कापावीत. घरातली कात्री कुठे आहे ते विचारावं लागेल, हे गृहीत धरावं.

3. स्वयंपाकघर

लेबल लावण्यापूर्वी डबा घासून, पुसून, पूर्ण वाळवून घ्यावा. फोडणीचा धूर ज्या डब्यावर वर्षानुवर्षं बसला आहे, त्यावर कोणताही डिंक टिकत नाही.

पट्टी डब्याच्या अंगावर लावावी, झाकणावर नाही. झाकणं घासायला गेली की आपापल्या घरी परततीलच असं नाही. 'डाळीचं पीठ' हे झाकण रव्यावर बसतं आणि लाडवांच्या वेळी उघडकीस येतं. डबे खोल खणात असतील आणि वरून फक्त झाकणंच दिसत असतील, तर दोन्हीकडे पट्टी लावावी. मग निदान वाद कोणामध्ये आहे ते कळतं.

काय लिहायचं, याबाबत नियम एकच: एकासारखी एक दिसणारी जोडपी आधी उरकावीत. तुरटी आणि खडीसाखर. मैदा आणि तांदळाचं पीठ. खाण्याचा सोडा आणि पिठीसाखर. धणेपूड आणि जिरेपूड. तूरडाळ लांबून ओळखू येते, तिला लेबल लावणं हा निव्वळ सत्कार होय. फ्रीजमधल्या श्रीखंडाच्या डब्यावर मात्र जरूर लावावं, कारण त्यात श्रीखंड सोडून काहीही असू शकतं.

लेबल हा डब्याचा गुण आहे, आतल्या मालाचा नव्हे. साबुदाणा संपला, शेवयांचं पाकीट फुटलं, की शेवया 'साबुदाणा'मध्ये जातात आणि तिथेच स्थायिक होतात. ज्यांना हे माहीत असायला हवं, त्यांना ते माहीत असतं. इतरांनी, म्हणजे मुख्यतः हे मार्गदर्शन वाचणाऱ्यांनी, 'अगं, साबुदाणा कुठाय?' ही जुनी पद्धत चालू ठेवावी.

आपल्याकडच्या भांड्यांना लेबल नवीन नाही, हेही लक्षात घ्यावं. दुकानातून भांडं घेतलं की त्यावर नाव घालून मिळतं. सुई घुर्र करत फिरते आणि कोणी, कोणाला, कशानिमित्त, कोणत्या तारखेला दिलं ते स्टीलवर कायमचं उमटतं. डब्यात काय आहे हे त्यावर कधीच नसतं, डबा कोणाचा आहे एवढंच असतं. लग्नात जेवणावळीनंतर आचाऱ्याच्या ढिगातून आपली पातेली वेगळी काढताना लोक वाचतात ते तेवढंच.

4. विजेचे खटके

लेबलाचं खरं पुण्य इथे आहे. एका पाटीवर आठ बटणं, आठही पांढरी, आणि पंखा कोणता हे पाहुण्याला कधीच सापडत नाही. दाराच्या वर एमसीबीची पेटी. तिच्यात वायरमननं पेन्सिलीनं लिहिलेलं 'बेड' कोणत्या खोलीचं, ते त्यालाच ठाऊक.

कृती: पेटीचं झाकण उघडून आतल्या तारांना हात लावू नये, फक्त खटके वरखाली करावेत. एकानं पेटीशी उभं राहावं, दुसऱ्यानं घरभर फिरावं. पहिल्यानं 'आता?' विचारावं, दुसऱ्यानं 'गेला!' म्हणावं. काय गेलं तेही सांगावं, नुसत्या 'गेला!'वरून काही लिहिता येत नाही. गीझर आणि एसी यांचे खटके बहुधा वेगळे असतात, ते ठळक छापावेत. संध्याकाळच्या मालिका चालू असताना हा प्रयोग करू नये.

5. चार्जर आणि वायरी

वायरीभोवती पट्टी गुंडाळून दोन्ही टोकं पाठीला पाठ लावून चिकटवावीत, म्हणजे छोटा झेंडा तयार होतो आणि अक्षरं वाचता येतात. अॅडॉप्टरवर उपकरणाचं नाव आणि व्होल्ट दोन्ही लिहावेत: 'राउटर 12 व्होल्ट'. पिन बसली म्हणजे जोडी जमली असं नाही. 9 व्होल्टच्या यंत्रात 12 चा अॅडॉप्टर निमूटपणे बसतो आणि त्यानंतर यंत्र बोलत नाही.

6. कार्यालय

महाराष्ट्राच्या सरकारी कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत आहे. हातातली प्रलंबित प्रकरणं, उत्तराच्या प्रतीक्षेत असलेली, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. अभिलेखांचेही वर्ग ठरलेले आहेत. 'अ' कायम ठेवायचा आणि 'ड' वर्षभरानं काढून टाकायचा. ही पद्धत घरच्या कपाटालाही उत्तम लागू पडते. अडचण एवढीच की आपल्या घरात सगळंच 'अ' वर्गात मोडतं, आणि 'नष्ट करायचे' अशी पट्टी लावलेला गठ्ठा सर्वांत जपून ठेवला जातो.

'इतर', 'किरकोळ' आणि 'महत्त्वाचे' ही तीन लेबलं छापण्यास सक्त मनाई आहे. वर्षअखेरीस सगळं तिथेच सापडतं.

स्टेपलरवर स्वतःचं नाव लावल्यानं तो परत येत नाही, नेणाऱ्याला फक्त तो कोणाचा आहे ते कळतं. बँका पेनाला लेबल लावत नाहीत, दोरी बांधतात. त्यामागे अनुभव आहे.

7. काढण्याची पद्धत

केस वाळवायच्या यंत्रानं पट्टी कोमट करावी आणि कोपऱ्यापासून सावकाश सोलावी. उरलेल्या डिंकावर खोबरेल तेल चोळून पुसावं. बरणी कोणती होती ते यानंतर आठवणार नाही.

8. यंत्र दुसऱ्याच्या हाती गेल्यास

हा प्रसंग येतोच. आपण कामावरून परततो तेव्हा खुर्चीच्या पाठीवर 'ही खुर्ची आहे, कपाट नाही' आणि न्हाणीघराच्या दारावर 'ओला टॉवेल: गॅलरी' असं नीट सरळ लावलेलं आढळतं. लेबल ही माहिती नसून हुकूम असतो, हे आपण स्वतः छापत असताना लक्षात येत नाही. अशा लेबलांची अंमलबजावणी त्याच दिवसापासून करावी. त्यांवर अपील चालत नाही, आणि ती टिकाऊ पट्टीवरच छापलेली असतात.